खतावणीची रंगीत कड

हिशेबाच्या बांधीव वहीत लबाडी करायची तर वाटा थोड्याच असतात. आकडा खरवडून बदलायचा, नको ते पान फाडून टाकायचं, नाहीतर ते पान काढून त्याच्या जागी नव्यानं लिहिलेलं पान बेमालूम बसवायचं. खरवडलेला आकडा उजेडाकडे धरला की उघडा पडतो. फाडलेलं पान क्रमांकावरून कळतं, कारण सत्तावन्ननंतर एकोणसाठ आलं की कारकुनालाही विचारावं लागत नाही. अवघड असते ती तिसरी लबाडी. तोच कागद, तीच आखणी, तोच छापील क्रमांक आणि तेच अक्षर असलं, तर वहीच्या आत ते पान ओळखता येत नाही. मग ओळखायचं कुठून? बाहेरून, कडेवरून. इंग्लंडमधल्या बाइंडरांनी बँकांच्या आणि व्यापारी पेढ्यांच्या मोठ्या खतावण्यांच्या तिन्ही कडांवर रंगांची गुंतागुंतीची नक्षी उमटवायची पद्धत रूढ केली, त्यामागचं मोठं कारण हे होतं. नक्षी शेकडो पानांच्या कडांवर मिळून उमटलेली असते. प्रत्येक पानाच्या वाट्याला तिचा केसभर रुंदीचा तुकडा येतो. नवं पान घातलं की त्या नक्षीतून वरपासून खालपर्यंत एक पांढरी रेघ जाते.

लोक अशा कडांना सजावट म्हणतात, आणि त्या देखण्या असतात यात शंका नाही. पण मला त्या पाहताना नेहमी राखणदार दिसतो. पुस्तकाच्या कडा रंगवण्याच्या कलेत राजेरजवाड्यांसाठी केलेलं काम पुष्कळ आहे, त्याची पुस्तकं निघाली, प्रदर्शनं झाली. खतावणीच्या कडेबद्दल कुणी फार लिहीत नाही. तिची हकीकत सांगावी असं मला कधीपासून वाटत होतं.

मी बाइंडरच्या घरातली. पुण्यात बुधवार पेठेत आमचं छोटं दुकान होतं. जुस, म्हणजे दुमडलेल्या पानांच्या जुड्या, शिवणं, सरस तापवणं, पुठ्ठ्याला कापड चढवणं हे सगळं मी तिथेच शिकले. नंतर ग्रंथालयांतल्या जुन्या पुस्तकांची दुरुस्ती करायला लागले. दुकानात रजिस्टरं पुष्कळ बांधली जायची, आणि त्यांच्या कडांना बाबा रंग शिंपडायचे. वह्यांचा गठ्ठा शिकंज्यात आवळायचा, वर बारीक जाळी धरायची, तांबड्या रंगात बुडवलेला ताठ केसांचा ब्रश तिच्यावर घासायचा. बारीक तुषार कडेवर बसायचे. मग निळा. एवढंच. मार्बलिंगचा, म्हणजे पाण्यावर तरंगवलेल्या रंगांची नक्षी कडेवर उचलून घेण्याचा, थाट आम्हाला परवडणारा नव्हता, पण हेतू तोच होता. एखादी जुनी वही दुरुस्तीला आली की बाबा म्हणायचे, "आधी कड बघ गं, मग पान उघड." ते वही टेबलावर आडवी ठेवून कडेवरून अंगठ्याचं नख फिरवायचे. वहीतली पानं किती वेळा हाताळली गेली, कुठल्या भागात ओल शिरली, कुठे पान उपटलं गेलंय, हे त्यांना न उघडताच समजायचं.

इंग्लंडमधली मार्बल केलेली खतावणी आमच्या हाती पहिल्यांदा आली ती एका जुन्या पेढीच्या सामानातून. चामड्याचा कणा, जाडजूड कागद, आणि कडांवर निळ्या-तांबड्या-पिवळ्या रेषा, मोराच्या पिसाऱ्यातल्यासारख्या एकात एक अडकलेल्या. समोरच्या कडेवर मधोमध एके ठिकाणी नक्षी तुटलेली होती. लाटेसारखी येणारी एक तांबडी रेषा तिथे थांबत होती आणि जरा वर सरकून पुन्हा सुरू होत होती. पानं उघडून पाहिली तर तिथे शिवणीजवळ कापलेल्या पानांचे दात शिल्लक होते. एकच पान गेलं असतं तर नक्षीतला फरक डोळ्याला जाणवलाही नसता, कारण एका पानाची जाडी ती किती. इथे बरीच पानं एकदम गेली होती. एकेक पान गेल्याची साक्ष क्रमांक देतात, पान घातल्याची साक्ष नक्षी देते, आणि पानांची जुडीच गेली तर दोघंही देतात. दोन्ही मिळून वही कुलूपबंद होते. यातलं एक ठेवून दुसरं काढलं तर कुलूप अर्धंच लागतं.

ही नक्षी पुन्हा काढून पांढरी रेघ झाकता येणार नाही का, असं कुणीही विचारेल. ते का जमत नाही हे मार्बलिंगची रीत पाहिली की लक्षात येतं, आणि ती रीत मला इतकी प्रिय आहे की इथे जरा रेंगाळते.

उथळ लाकडी किंवा पत्र्याच्या तबकात घट्टसर पाणी घेतात. ते घट्ट करायला पूर्वी कतीरा डिंक भिजत घालत, पुढे आयर्लंडच्या किनाऱ्यावर मिळणारं समुद्री शेवाळ उकळून गाळून वापरू लागले. या पाण्यावर रंग तरंगवायचे असतात. नुसता रंग टाकला तर तो बुडतो किंवा एका जागी गोळा होऊन बसतो. त्यात बैलाच्या पित्ताचे थेंब घातले की तो पाण्यावर पडताच पसरतो. कत्तलखान्यातून आणलेलं ते पित्त हा या सगळ्या कलेचा प्राण आहे. पहिल्या रंगात थोडं पित्त, दुसऱ्यात जास्त, तिसऱ्यात त्याहून जास्त. ज्या रंगात पित्त अधिक तो आधीच्या रंगाला ढकलून आपल्यापुरती जागा करतो, आणि ढकललेला रंग आक्रसून शिरांसारखा होतो. मग तारेची सुई किंवा दातेरी कंगवा पृष्ठभागावरून ओढायचा. ठिपक्यांच्या रेषा होतात, रेषांची कमानदार पानं होतात.

कागद मार्बल करायचा तर तो पाण्यावर अलगद टेकवून उचलतात. वहीची गोष्ट निराळी. पुठ्ठे चढवण्याआधीच, पानं शिवून कडा एकसारख्या कापून झाल्यावर, वही दोन फळ्यांमध्ये गच्च आवळायची. कडेवर तुरटीच्या पाण्याचा हात फिरवायचा म्हणजे रंग धरतो. मग ती कड तबकातल्या पाण्याला नुसती लावायची. पकड जरा सैल असेल तर पाणी पानांच्या फटींतून आत चढतं आणि प्रत्येक पानाच्या कडेशी रंगाची झालर उमटते, म्हणजे वही वाया. हात थरथरला तर नक्षी दुहेरी पडते. एका टेकवण्यात काम संपतं, आणि त्या टेकवण्यात पाण्यावरची नक्षी उचलली जाते. तबक पुसून पुन्हा रंग शिंपडले तर तेच रंग, तेच पित्त आणि तोच कंगवा असूनही नक्षी वेगळीच येते. वाळल्यावर कडेला मेणाचा हलका हात देऊन अकीकाच्या दगडानं घासायचं, की तिला काचेसारखी झळाळी येते आणि धूळ, बोटांचा मळ आत शिरत नाही. मळ लपतो हा मार्बलचा आणखी एक उपयोग. रोज दहा हातांत फिरणाऱ्या वहीला तो हवाच.

म्हणून खोटं पान घालणाऱ्याला केवळ पानाचं नव्हे, तर त्या कडेवरच्या केसभर रुंद पट्टीचंही सोंग करावं लागलं असतं, शेजारच्या दोन पानांवरच्या रंगाशी जुळवून. ते हातानं रंगवून साधणं फार कठीण.

हेच ओळखून बेंजामिन फ्रँकलिन यांनी ही युक्ती थेट पैशावर लावली. ते स्वतः छापखानेवाले. अमेरिकेच्या वसाहतींनी १७७५ मध्ये इंग्लंडशी लढायला स्वतःच्या नोटा काढल्या, त्यातल्या २० डॉलरच्या नोटेसाठी फ्रँकलिन यांनी पुरवलेला कागद वापरला गेला आणि त्याच्या एका कडेला मार्बलची रंगीत पट्टी होती. शाईच्या ठशाची नक्कल कोरून करता येते, पाण्यावर तरंगलेल्या रंगाची नक्कल करता येत नाही, हा त्यामागचा विचार. मार्बल पुन्हा तसंच उमटत नाही, हे त्याआधी एका कादंबरीतही दिसलं होतं. लॉरेन्स स्टर्न यांच्या 'ट्रिस्ट्रम शँडी' या कादंबरीच्या १७६१ मध्ये आलेल्या तिसऱ्या खंडात मार्बलचं एक पान आहे. ते प्रत्येक प्रतीसाठी वेगळं तबकावरून उचलावं लागलं, त्यामुळे त्या आवृत्तीची कुठलीही दोन पुस्तकं एकमेकांसारखी नाहीत. साहित्याचे अभ्यासक त्यावर पुष्कळ बोलतात. मला त्या पानात आधी तबकाशी उभे असलेले कामगार दिसतात.

या कामगारांची नावं बहुतेक हरवली आहेत, कारण मार्बलिंग हे गुपित म्हणून जपलं जायचं. बाइंडर आणि मार्बलर हे दोन वेगळे धंदे होते. बाइंडर कडा कापून वह्या मार्बलरकडे पाठवी आणि रंगून परत घेई. पित्त किती, शेवाळ किती वेळ उकळायचं, कुठल्या रंगानंतर कुठला, हे ज्याच्या हाती तो ते कुणाला सांगत नसे. १८१५ च्या सुमारास ग्लासगोच्या ह्यू सिंक्लेअर यांनी एक छोटी पुस्तिका काढली. मात्र हे गुपित खऱ्या अर्थानं फोडलं ते चार्ल्स वूलनो या लंडनच्या मार्बलरनं. १८५३ मध्ये त्यानं संपूर्ण रीत पुस्तकरूपानं छापली, आणि त्यात खऱ्या मार्बल कागदाचे तुकडे नमुने म्हणून चिकटवले. १८८१ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती निघाली. १८८५ मध्ये बुडापेस्टच्या योझेफ हाल्फर या बाइंडरनं रंगांचं आणि शेवाळाच्या पाण्याचं शास्त्र इतकं नीट मांडलं की आजही मार्बलिंग करणारे त्याच्या सूचनांपासून सुरुवात करतात. दुर्दैव असं की वूलनोची ही आवृत्ती आणि हाल्फरचं पुस्तक आलं तेव्हा यंत्रावर छापलेला नकली मार्बल कागद बाजारात आला होता आणि हाताचं काम उतरणीला लागलं होतं. या माणसांनी सांगितलं म्हणून ती विद्या आज जिवंत आहे. मी वूलनोला फार मानते.

खतावण्या बांधणं हासुद्धा लंडनमध्ये स्वतंत्र धंदा होता. कादंबऱ्या बांधणारे वेगळे, हिशेबवह्या बांधणारे वेगळे. रोज लिहायची वही टेबलावर अगदी सपाट उघडली पाहिजे, नाहीतर कण्याजवळच्या रकान्यात आकडा कसा लिहिणार? यावर लंडनच्या जॉन आणि जोसेफ विल्यम्स यांनी १७९९ मध्ये स्प्रिंगच्या कण्याचं पेटंट घेतलं. जाड पुठ्ठ्याची ताठ नळी कण्यावर बसते, आणि वही उघडली की ती पानं वर ढकलते. खटकन आवाज होऊन वही पसरते. मजबूत कणा, क्रमांक घातलेली पानं आणि मार्बलच्या कडा, अशी ही वही तयार होई. ती महाग पडे, पण वर्षानुवर्षं टिके.

आता मागे जाऊन एक सांगायला हवं. कड रंगवायची कल्पना युरोपात हिशेबवह्यांच्या आधी पुष्कळ जुनी आहे, आणि तीही उपयोगातूनच निघाली. आपण आज पुस्तक कणा बाहेर ठेवून उभं करतो. मध्ययुगात आणि त्यानंतरही बराच काळ तसं नव्हतं. हिअरफर्डच्या कॅथेड्रलमध्ये साखळीनं बांधलेल्या पुस्तकांचं ग्रंथालय अजून आहे. तिथे पुस्तकांच्या उघडणाऱ्या कडा बाहेर असतात, कारण साखळी पुठ्ठ्याच्या त्या बाजूला अडकवलेली. तेव्हा नाव लिहायची जागा कण्यावर नाही, कडेवरच. नाव आलं की पुढे चित्र येणारच. उत्तर इटलीतल्या बेल्लुनो गावच्या ओदोरिको पिल्लोने या सरदारानं सोळाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या संग्रहातल्या दीडशेहून अधिक पुस्तकांच्या कडांवर चेझारे वेचेल्लियो या चित्रकाराकडून चित्रं काढून घेतली. हा विख्यात चित्रकार तित्सियानच्या घराण्यातला. कपाटासमोर उभं राहिलं की चेहरे, संत, पंडित आपल्याकडे पाहताहेत असं ते ग्रंथालय असणार. ड्रेस्डेनला सॅक्सनीच्या राज्यकर्त्याकडे याकोब क्राउझे हा बाइंडर सोनेरी कडांवर तापवलेल्या हत्यारांनी नक्षी ठोकत असे. हे काम मला डोळ्यांना फार जड वाटतं, पण त्याच्या हाताची सफाई वादातीत आहे.

सगळ्यांत विलक्षण युक्ती सतराव्या शतकातल्या लंडनच्या बाइंडरांची. त्यांनी चित्र कडेवर न काढता पानांच्या तिरप्या उतारावर काढलं. पुस्तक मिटलं की चित्र पानांच्या आत दडतं, आणि वरच्या सपाट कडेवर सोन्याचा वर्ख दिसतो. पानं पंख्यासारखी सरकवली की सोनं विरतं आणि निसर्गदृश्य उलगडतं. पुढे यॉर्कशायरमधल्या हॅलिफॅक्सच्या विल्यम एडवर्ड्स आणि त्यांच्या मुलांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कला इतकी लोकप्रिय केली की त्यांचं नावच तिला चिकटलं. पानं उतरती करून आवळायची, अगदी कमी पाण्यात जलरंग घेऊन कोरड्या कुंचल्यानं काढायचं, कारण पाणी जास्त झालं की पानं चिकटतात. वाळलं की पकड सोडून कड सपाट करायची, आणि अंड्याच्या पांढऱ्याच्या साहाय्यानं वर्ख चढवून अकीकानं घासायचं. बॉस्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयात अशी दोनशेहून अधिक पुस्तकं आहेत. ती कला थोर आहे. तरी प्रत्येक वेळी चित्र दाखवायला पानं वाकवली की कण्याला ताण पडतो, शिवण ढिली होते. दुरुस्ती करणारी म्हणून मी ते विसरू शकत नाही.

आपल्या भागाशी या सगळ्याचा धागा बऱ्याच आधीपासून आहे. पाण्यावर रंग तरंगवून अबरी कागद करायचं ज्ञान इराण-तुर्कस्तानातून दख्खनेत आलं होतं. आदिलशाही विजापुरात सतराव्या शतकात अबरीचा वापर चित्रांत केला गेला. कागदाचा काही भाग झाकून, उरलेल्यावर रंग उचलून चित्रं काढली गेली. १६२५ च्या सुमाराचं एक चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे, एका खंगलेल्या घोड्यावर बसलेल्या स्वाराचं. युरोपातले लोक अबरी कागदाकडे अचंब्यानं पाहत होते आणि नुकते तो करायला शिकत होते, त्याच काळात विजापूरच्या चित्रकारांच्या हाताला तो इतका सरावलेला होता.

मराठी दप्तरांना मात्र कडा नव्हत्या. पोथी सुट्या पानांची, पेशव्यांच्या काळचे कागद रुमालात बांधलेले. तिथे वहीची कड नाही, तेव्हा विश्वास वेगळ्या मार्गानं राखावा लागे. शिवाजी महाराजांच्या पत्रांच्या शेवटी 'मर्यादेयं विराजते' ही छोटी मुद्रा उमटवलेली असते. मजकूर इथे संपला, यापुढे कुणी एक अक्षर जोडलं तर ते आमचं नाही, असं ती मुद्रा सांगते. कागद सुटा असो की बांधलेला, जो लिहितो त्याला पुढे कुणी आपल्या शब्दांत ढवळाढवळ करील ही काळजी असतेच. मुद्रेनं ती शेवटापुरती मिटवली, इंग्लंडच्या बाइंडरनं तिन्ही बाजूंनी.

खतावणीची रंगीत कड गेली ती विसाव्या शतकात. भोकं पाडलेली सुटी पानं धातूच्या दांड्यांत ओवायची पद्धत आली. त्यातल्या काहींना किल्लीची कुलपं असत. पान हवं तेव्हा काढता-घालता येणं हीच ज्या वहीची सोय, तिच्या कडेवर नक्षी कसली ठरणार? मग टंकलेखन यंत्रं, मग संगणक. आपल्या सरकारी कचेऱ्यांत मात्र अर्धं कुलूप अजून चालू आहे. नवी नोंदवही उघडताना पहिल्या पानावर अधिकारी सही करून लिहितो, की या वहीत एक ते दोनशे पानं आहेत असं प्रमाणित करण्यात येतं. क्रमांक राहिले, कड गेली.

अलीकडे कडा परत आल्या आहेत, त्या कादंबऱ्यांवर. रिबेका यारोस यांच्या 'फोर्थ विंग' या २०२३ च्या कादंबरीची पहिली आवृत्ती रंगवलेल्या कडांची निघाली आणि अशा प्रतींवर वाचकांच्या उड्या पडल्या. आता यंत्रं शाईचे बारीक तुषार मारून कडेवर हवं ते चित्र छापतात, हजारो प्रतींवर एकसारखं. तरुण वाचक पुस्तक हातात घेऊन कड न्याहाळतात हे पाहून मला आनंद होतो. या कडांना काही राखायचं नाही, आणि त्यात वावगं काहीच नाही. पण तीच नजर जुन्या वहीकडे वळावी असं फार वाटतं.

कारण जुन्या कडांचा खरा शत्रू काळ नाही, कटिंग मशीन आहे. पुस्तक नव्यानं बांधताना कडा एकसारख्या दिसाव्यात म्हणून बाइंडर तिन्ही बाजूंनी थोडं थोडं कापतो. त्या दोन मिलिमीटरांत मार्बल जातं, वर्ख जातो, वर्खाखाली दडलेलं चित्र जातं, कुणी शाईनं लिहिलेलं नाव जातं. हे मी ग्रंथालयांतल्या पुस्तकांवर वारंवार पाहते. कचऱ्याच्या टोपलीत पडलेल्या रंगीत पट्ट्या पाहून जीव तुटतो, आणि ज्यानं कापलं त्याला काही दोष देता येत नाही, कारण त्याला सांगितलेलं नसतं. म्हणून आमच्याकडून कुठलंही जुनं पुस्तक किंवा रजिस्टर बाहेर बांधायला जातं, तेव्हा त्यासोबतच्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात एक ओळ असते: कडा कापू नयेत. शिवण उलगडावी लागली तरी जुस त्याच क्रमानं, तितकीच शिवावी, आणि जुनी कड पुन्हा रेषेला रेष जुळेपर्यंत शिकंज्यात ठोकून घ्यावी. याला वेळ जास्त लागतो, मजुरी जास्त पडते. ती आम्ही देतो.